कॅलिफोर्नियाच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये उन्हाळ्यात शेकोटी: परमिट असलं की झालं का?

पायवाट:
जुलैअखेर चौघं जण कॅलिफोर्नियातल्या एका नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबू टाकणार आहोत. कॅम्पग्राउंड नाही, कच्च्या रस्त्यालगतची मोकळी जागा. कॅम्पफायर परमिट ऑनलाइन काढलंय. आता शेकोटी पेटवता येईल ना? नसेल तर स्वयंपाक कशावर करायचा?

देवदार:
नुसत्या परमिटवर नाही. परमिट ३१ डिसेंबरपर्यंत चालतं खरं, पण त्या जंगलाचा आगबंदीचा आदेश निघाला की शेकोटीपुरता त्याचा उपयोग संपला. फॉरेस्टच्या वेबसाइटवर अलर्ट्समध्ये आदेशाची पीडीएफ असते. तारखा आणि नकाशा बघाच, पण मुख्य म्हणजे सूट दिलेल्या कॅम्पग्राउंडची यादी वाचा. बंदी टप्प्याटप्प्याने कडक होते. पहिल्या टप्प्याच्या बंदीत सहसा त्या यादीतल्या जागीच, तिथे बसवलेल्या लोखंडी कड्यात, शेकोटी चालते. रस्त्यालगतची मोकळी जागा त्यात येत नाही. दुसऱ्या टप्प्यात कॅम्पग्राउंडमध्येही बंद. निघायच्या दिवशी सकाळी रेंजर स्टेशनला फोन करून पुन्हा विचारा.

काही भागांत तर ऋतूचा प्रश्नच नाही. लेक टाहोजवळच्या डेझोलेशन विल्डरनेस या संरक्षित रानात शेकोटी बारा महिने मना आहे. योसेमिटी नॅशनल पार्कात ९,६०० फुटांच्या वर लाकडं पेटवता येत नाहीत.

सरपण:
स्वयंपाकाचं सांगतो. व्हॉल्व्ह बंद केला की ज्योत जाते असा गॅसचा स्टोव्ह बंदीतही बहुतेक ठिकाणी चालतो. त्यालाही हेच परमिट लागतं, तेव्हा प्रिंट जवळ ठेवा. स्पिरिटच्या स्टोव्हला व्हॉल्व्ह नसतो, म्हणून तो बंदीत चालत नाही. काटक्यांचा स्टोव्ह आणि कोळशाची शेगडी शेकोटीतच मोजतात. इथेच बरेच जण फसतात.

पायवाट:
आभार. समजा बंदी नसलीच, तर परमिटच्या अटी नेमक्या काय?

देवदार:
शेकोटीच्या कडेपासून चहूबाजूंनी ५ फूट जागा साफ हवी. नुसती पानं झाडून भागत नाही. देवदार-पाइनच्या सुयांचा कुजका थर खरवडून खालची माती उघडी करा, कारण तो थर आतल्या आत धुमसत जातो आणि वरून काहीच दिसत नाही. फावडं जवळ हवं, आणि एक जबाबदार माणूस पूर्ण वेळ शेकोटीपाशी. घडीचं छोटं फावडं ओली राख ढवळायला अपुरं पडतं, लांब दांड्याचं न्या. रेड फ्लॅग वॉर्निंग (कोरड्या हवेत, जोराच्या वाऱ्यात आग भडकण्याचा हवामान खात्याचा इशारा) असेल त्या दिवशी परवानगी असली तरी पेटवू नका.

सरपण:
विझवण्याबद्दल कळकळीने सांगतो: मातीने झाकू नका. माती निखाऱ्याची उष्णता धरून ठेवते, मुळं पेट घेतात आणि आग दुसऱ्या दिवशी भलतीकडेच वर येते. झोपण्याच्या तासभर आधी लाकूड घालणं थांबवा. मग पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. कडेचे दगड उलटून त्यांच्याखालीही ओता. पिण्याचं सोडून १५-२० लिटर पाणी वेगळं न्या. आधी हाताची मागची बाजू राखेवर धरून बघा, ऊब लागली नाही तरच बोटांनी चाचपा. जराही कोमट लागलं तर पुन्हा पाणी.