छोट्या जावा प्रकल्पात पहिल्या दिवसापासून मॉड्यूल वेगळी ठेवावीत का?

आर्वीकर

आर्वी तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी आम्ही चौघं मिळून कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर करून राहिलो. गाडी काट्यावर लागली की वजन, मग ओलाव्याची कटती, हमाली-तोलाई वजा आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात चुकाऱ्याची पट्टी, एवढा पसारा. जावा, कोड बांधून देणारं मेव्हन, पडद्यासाठी स्विंग, डेटाबेस एसक्यूलाइट. पुढच्या हंगामात मालकांना रोजची आवक मोबाइलवर बघायची आहे, म्हणजे वेबचा भागही आज ना उद्या येणारच.

आमच्यात दोन तट पडले आहेत. दोघं म्हणतात, एवढ्याशा कामाला एकच प्रकल्प पुरे. माझं म्हणणं उलट आहे. मॉड्यूल, म्हणजे कोडचे स्वतंत्र बांधले जाणारे भाग, वेगळी करायची तर पहिल्याच दिवशी करावीत, कारण एकदा हंगाम सुरू झाला की कोणालाच त्यासाठी वेळ मिळत नाही.

माझी मांडणी अशी. बाहेरच्या फोल्डरमध्ये पेरेंट पॉम (पॉम म्हणजे मेव्हनला बांधणी सांगणारी फाइल), त्याचं पॅकेजिंग 'पॉम', आणि त्यात मॉड्यूलची यादी. आत तीन फोल्डर: गाभा, साठा (डेटाबेसचं काम), खिडकी (पडदे). गाभ्यात फक्त हिशोबाचे नियम, त्याला टेस्टसाठी जेयुनिट सोडलं तर बाहेरची एकही लायब्ररी नाही. साठा गाभ्यावर अवलंबून, खिडकी दोघांवर. लायब्ररींच्या आवृत्त्या पेरेंटच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये एकदाच लिहायच्या, आतल्या पॉममध्ये आवृत्ती लिहायचीच नाही. एक्लिप्स या आयडीईमध्ये (कोड लिहायच्या साधनात) इम्पोर्टमधून 'एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स' निवडून बाहेरचं फोल्डर दाखवलं की चारही पॉम समोर येतात. इंटेलिजेमध्ये बाहेरचा पॉम प्रोजेक्ट म्हणून उघडला की झालं.

हा खटाटोप कशासाठी? नुसती पॅकेज वेगळी असली तर पब्लिक क्लास कुठूनही इम्पोर्ट होतो. रात्री उशिरा काम संपवायच्या घाईत कोणीतरी कटतीच्या क्लासमधूनच साठ्याचा क्लास बोलावतो, आणि मग कटतीची टेस्ट चालवायला डेटाबेस लागतो. मॉड्यूल वेगळं असलं तर तो इम्पोर्ट कम्पाइलच होत नाही. कोणी पॉममध्ये गाभ्याला साठ्यावर अवलंबून केलं, तर दोघं एकमेकांवर फिरून येतात म्हणून मेव्हन बिल्ड सुरूच करत नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब ज्या कोडमध्ये आहे, त्याला एवढं कुंपण पाहिजेच.

पुसदचा जावावाला

भाऊ, मांडणी चोख आहे, पण मला पटत नाही. गाभा आणि खिडकी यांच्यामधली रेघ तुम्ही आजच आखून राहिले. ती नेमकी कुठे पडते हे जिनिंगवर एक हंगाम काढल्याशिवाय कळत नाही.

ओलाव्याचंच घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नियम ठरलेला आहे. 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की कटती, 12 च्या वर गेला तर माल घेत नाहीत. हे गाभ्यात छान बसतं. खासगी जिनिंगवर मीटर असतं, तरी ग्रेडर ढिगात हात घालतो, सरकी दाताखाली फोडून बघतो आणि मग आकडा सांगतो. शेतकरी हटून बसतो, शेवटी दोघांच्या मधला आकडा ठरतो. म्हणजे तुमच्या गाभ्यातला नियम हा नियम उरलाच नाही, ती खिडकीत भरायची एक नोंद झाली. हे दिसल्यावर तुम्ही क्लास या मॉड्यूलमधून त्या मॉड्यूलमध्ये हलवणार, मग पॉम बदलणार, मग टेस्ट हलवणार. एकाच मॉड्यूलमध्ये हेच काम पॅकेज बदलून दोन मिनिटांत होतं.

आणि कुंपणाचं म्हणाल तर तेही अर्धंच आहे. जेडीबीसी, म्हणजे डेटाबेसशी बोलायची सोय, जावाच्या आतच येतं. गाभ्यात एकही बाहेरची लायब्ररी नसली तरी कोणीही तिथे 'जावा डॉट एसक्यूएल' इम्पोर्ट करून क्वेरी लिहू शकतो. तुमचा कम्पाइलर चूं करणार नाही.

त्यापेक्षा एकच मॉड्यूल ठेवा. खरेदी, चुकारा, आवक अशी कामानुसार पॅकेज करा, आणि क्लासपुढचा 'पब्लिक' शब्द गरज नसेल तिथे गाळा. पॅकेजबाहेर तो क्लास दिसणारच नाही. त्यावर आर्कयुनिट लावा. 'चुकारा पॅकेजमधून एसक्यूएल वापरायचं नाही' हा नियम साध्या टेस्टसारखा लिहिता येतो आणि मोडला की बिल्ड पडतो.

दर्यापूरकर

मी कॉलेजात जावाची प्रात्यक्षिकं घेते. दोघांच्या वादात एक गोष्ट मागे राहून राहिली आहे, आणि माझी मुलं दरवर्षी तिथेच अडकतात.

'मॉड्यूल' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावतात. मेव्हनचं मॉड्यूल म्हणजे स्वतःचा पॉम असलेलं फोल्डर, ज्याची वेगळी जार (बांधलेल्या कोडची फाइल) बनते. इंटेलिजेचं मॉड्यूल म्हणजे आयडीईच्या आतली मांडणी, ती मेव्हनवरून आपोआप तयार होते, हाताने बदलली तर पुढच्या रिलोडला पुसली जाते. तिसरं जावाचं स्वतःचं मॉड्यूल, सप्टेंबर 2017 मध्ये जावा 9 सोबत आलेलं, त्यासाठी 'मॉड्यूल-इन्फो' फाइल लागते.

पुसदच्या सरांनी जेडीबीसीची जी फट दाखवली, ती बुजवायचं काम हे तिसरं मॉड्यूल करतं. गाभ्यात मॉड्यूल-इन्फो टाकली आणि त्यात एसक्यूएलचं मॉड्यूल मागितलंच नाही, तर 'जावा डॉट एसक्यूएल'चा इम्पोर्ट कम्पाइलच होत नाही. फाइल चार-पाच ओळींची असते. पण ही फक्त गाभ्यापुरती ठेवा. साठा आणि खिडकीत टाकायला गेलात तर जुन्या लायब्ररींची नावं जुळवता जुळवता हंगाम निघून जाईल. वेगळं मॉड्यूल नसतं तर हा उपाय वापरताच आला नसता, कारण एका जारला एकच मॉड्यूल-इन्फो. म्हणून माझं मत आर्वीकरांच्या बाजूने.

धारणी

तुमचं सगळं बरोबर असंन, पण नेट कोण देईन? आमच्याकडे मेळघाटात नेटवर्कचं काही खरं नसते, अन् लाइन गेली तं टॉवरही जाते. नवीन मॉड्यूल टाकलं, त्यात एक प्लगइन जास्त लागलं, की मेव्हन डाउनलोडवर अडकून बसते.

मी सांगतो ते करा. तालुक्याच्या गावी चांगलं नेट भेटलं की बाहेरच्या फोल्डरमधून एकदा मेव्हनची 'एमव्हीएन इन्स्टॉल' कमांड पुरी चालवा, टेस्टसकट. नुसतं 'गो-ऑफलाइन' (लागते ते आधीच डाउनलोड करणारी कमांड) करू नका. टेस्ट चालवणारं प्लगइन त्याचा एक तुकडा टेस्ट चालवतानाच मागवते, तो राहून जाते. अन् प्रकल्पातली मॉड्यूल एकमेकांची जार शोधतात, ती अजून बनलीच नसन तं गो-ऑफलाइन तिथंच पडू शकते. इन्स्टॉल झालं की होम फोल्डरमधली 'डॉट एम-टू'ची रिपॉझिटरी (मेव्हननं डाउनलोड केलेलं अन् बांधलेलं सगळं तिथं असते) पेनड्राइव्हवर घ्या अन् चौघांच्या लॅपटॉपवर टाका. मग गावात 'डॅश ओ' लावून बिल्ड करा, मेव्हन नेटकडे पाहतच नाही.

माझं मत विचारसान तं मॉड्यूल तीन असो की एक, ज्या दिवशी प्रकल्प उभा करसान त्याच दिवशी सगळी डिपेंडन्सी ठरवून घ्या. रोज एक नवीन लायब्ररी जोडायची सवय खेड्यात परवडत नाही.

मोर्शी_वरुड

मेव्हनवरच का अडून बसलात? मॉड्यूल वेगळी ठेवायचीच असतील तर ग्रेडल हे दुसरं बांधणीचं साधन घ्या. सेटिंग्ज फाइलमध्ये 'इन्क्लूड' करून तीन नावं लिहिली की झाली मॉड्यूल.

आर्वीकर कुंपण म्हणतात ते मेव्हनमध्ये आणखी एका ठिकाणी सैल आहे. खिडकी साठ्यावर अवलंबून आहे, साठा एसक्यूलाइटच्या ड्रायव्हरवर. मेव्हनमध्ये नेहमीचा कम्पाइल स्कोप ठेवला तर तो ड्रायव्हर खिडकीच्या क्लासपाथवरही येतो, आणि पट्टीच्या पडद्यातून थेट ड्रायव्हरचे क्लास वापरता येतात. ग्रेडलमध्ये साठ्याने ड्रायव्हर 'इम्प्लिमेंटेशन' म्हणून घेतला की खिडकीला कम्पाइल करताना तो दिसत नाही, चालवताना मात्र मिळतो. 'एपीआय' आणि 'इम्प्लिमेंटेशन' हा फरकच मॉड्यूलसाठी केलेला आहे.

शिवाय जे बदललं नाही ते ग्रेडल पुन्हा बांधत नाही. जुन्या लॅपटॉपवर हे लगेच जाणवतं.

धारणी

भाऊ, ग्रेडलचा रॅपर (ग्रेडल सुरू करणारी स्क्रिप्ट) पहिल्या वेळी पुरं ग्रेडलच डाउनलोड करते. अन् त्याचा डेमन (मागं चालूच राहणारा प्रोग्राम) मेमरी धरून बसते. 4 जीबीच्या लॅपटॉपवर एक्लिप्स, डेमन अन् ब्राउझर एकत्र चालवून पहा.

मोर्शी_वरुड

रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये झिपचा स्थानिक पत्ता देता येतो, पेनड्राइव्हवरून आणलेली झिप चालते. ऑफलाइनचा पर्याय ग्रेडललाही आहे. मेमरीचं मान्य, 4 जीबीवर मीही मेव्हनच म्हणेन.

पुसदचा जावावाला

दर्यापूरकर मॅडम, मॉड्यूल-इन्फोचा उपाय बरोबर आहे. पण बघा, एका कुंपणाची फट बुजवायला दुसरं कुंपण आलं. चार जणांच्या टीममध्ये हे सगळं कळणारा एक जण असतो. तो पुण्याला नोकरीला गेला की मागे राहिलेल्यांनी चार पॉम कोणाला विचारून वाचायचे?

एक रोजचा त्रास कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. एक्लिप्समध्ये चारही प्रोजेक्ट उघडे असले की खिडकीला गाभा थेट वर्कस्पेसमधून मिळतो, जार बनलेली असो वा नसो. सगळं हिरवं दिसतं. मग मुलगा खिडकीच्या फोल्डरमध्ये जाऊन कमांडने पॅकेज करतो, आणि मेव्हन सांगतं की गाभ्याची जार सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे कधी जुनी जार 'डॉट एम-टू'मध्ये पडलेली असते. मग बिल्ड होतो, पण मागच्या आठवड्यातल्या कटतीने. जिनिंगवर गेलेल्या पट्टीत जुना हिशोब छापला तर शेतकऱ्याला काय सांगाल?

आर्वीकर

पुसदच्या दादांचा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, त्याचं उत्तर आधी देतो. आतल्या फोल्डरमधून कमांड चालवायचीच नाही, हा नियम आम्ही घातला आहे. नेहमी बाहेरच्या फोल्डरमधून 'डॅश पीएल खिडकी, डॅश एएम'. पीएल म्हणजे कोणतं मॉड्यूल हवं, एएम म्हणजे ते ज्यांच्यावर उभं आहे तीही बांध. मेव्हन आधी गाभा, मग साठा, मग खिडकी असा क्रम स्वतः लावतं आणि जार ताजीच घेतं. जिनिंगवर जाणारी जार याच कमांडने बनते, एक्लिप्समधून कोणी एक्सपोर्ट करत नाही. आणि पट्टीच्या तळाशी आवृत्ती छापतो, म्हणजे कोणता हिशोब लागला हे कागदावरच दिसतं.

आता कटतीचं. ग्रेडर सरकी फोडून आकडा सांगतो, हे आमच्या जिनिंगवरही तसंच आहे. तरीही तो आकडा आल्यावर पुढे काय, हे गाभ्याचंच काम. मीटरचं वाचन, ठरलेली कटती आणि ती कोणी ठरवली, या तिन्ही गोष्टी गाभ्याच्या क्लासमध्ये आहेत. खिडकी फक्त भरून देते. मीटर आणि ठरलेला आकडा यांत फार अंतर पडलं तर गाभा खिडकीला इशारा पाठवतो. हा इशारा वेबवरून मालकांनाही दिसायला हवा, तेव्हा तोच गाभा वेबच्या मॉड्यूलला जसाच्या तसा लागेल. स्विंगच्या पडद्यात तो अडकलेला असता तर पुन्हा लिहावा लागला असता.

बडनेरा_लोकल

वेबचं मॉड्यूल येणार म्हणता, तर एक सांगून ठेवतो. वेबसाठी स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क घेतलात तर त्याचं मेव्हन प्लगइन पेरेंटच्या बिल्डमध्ये सगळ्यांसाठी लावू नका. ते प्लगइन जार पुन्हा बांधतं आणि तुमचे क्लास जारच्या आत 'बूट-इन्फ'मधल्या 'क्लासेस' फोल्डरमध्ये जातात. गाभ्याची जार अशी बांधली गेली की वेबचं मॉड्यूल कम्पाइल करताना 'पॅकेज अस्तित्वात नाही' म्हणून बोंब मारतं. जार समोर असते, झिपसारखी उघडली तर क्लासही आत दिसतो, फक्त दोन फोल्डर खाली. एक्लिप्समध्ये तर सगळं चालत असतं, म्हणून शोधायला वेळ जातो. प्लगइन फक्त चालवायच्या मॉड्यूलमध्ये ठेवा, गाभा साधी जारच राहू द्या.

पुसदचा जावावाला

वेब खरंच येणार असेल तर गाभा वेगळा काढायचं कारण मी मान्य करतो, कारण तिथे दोन वेगळे वापरणारे आहेत. पण साठा वेगळा कशाला? खिडकीही एसक्यूलाइट वापरणार, वेबही. गाभा आणि साठा एकाच मॉड्यूलमध्ये राहू द्या, आर्कयुनिटचा एक नियम लावा. पॉम एक कमी.

आर्वीकर

नाही दादा. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर एसक्यूलाइट, पण मालकांचं वेब अमरावतीच्या सर्व्हरवर चालणार आणि तिथे पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस असेल. साठ्याच्या दोन जार लागतील आणि दोघी गाभ्यातला एकच इंटरफेस पाळतील. एकत्र ठेवलं तर सर्व्हरवर एसक्यूलाइटचा ड्रायव्हर आणि काट्यावर पोस्टग्रेसचा, दोन्ही विनाकारण जातील. तुमचा आर्कयुनिटचा नियम मात्र घेतो. मोर्शीच्या भाऊंनी दाखवलेली फट मेव्हनमध्ये त्यानेच बुजेल: खिडकीतून ड्रायव्हरचं पॅकेज वापरायचं नाही.

पुसदचा जावावाला

पोस्टग्रेसचं आधीच सांगायचं होतं. तरी काट्यावरची नोंद सर्व्हरवर जाणार कशी, लाइन नसताना? ते कोड कोणत्या मॉड्यूलमध्ये ठेवणार ते लिहा, मग पुढे बोलू.