शब्दचर्चा: ‘पश्चात्ताप’ शब्दात माघारी फिरणं कुठे आहे?

गोदाकाठ
नाशिकरोडच्या आमच्या ख्रिस्ती प्रार्थनागटासाठी उपवासकाळाचं, म्हणजे लेंटचं, चिंतन मराठीत लिहिते आहे. विषय : भंगलेल्या जगातला पश्चात्ताप. मावशीला मसुदा वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “पश्चात्ताप म्हणजे नंतरचा ताप. वाईट वाटलं, रडलो, झालं. पुढे काय?” तेव्हापासून हा शब्द मला डाचतोय. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. संदेष्टे वापरतात तो हिब्रू ‘शूव’ तर सरळ ‘माघारी फिर’ असंच सांगतो. मराठीत काय लिहू?

जुनंनाशिक
प्रायश्चित्त. प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय, अशी फोड जुन्या श्लोकात दिली आहे. निश्चय आला की कृती आलीच. रामकुंडावर आजोबांकडून हेच ऐकलंय.

शरणपूरकर
प्रायश्चित्त नको हो! कानावर पडलं की विधी आठवतो, देणं फिटल्याची भावना येते. क्षमा फेडून मिळवायची नसते.

वसईची पोर
आमच्याकडे कितीतरी जण या दिवसांना प्रायश्चित्तकाळच म्हणतात आणि कुणाच्याही मनात फेडीचा विचार नसतो. शब्द वापरणाऱ्यांचा असतो, कोशाचा नाही. बाकी ‘अनुताप’ बघा. संतांनी तो केवढा प्रेमाने वापरलाय.

शरणपूरकर
त्यातही तापच ना? मावशींचा प्रश्न तिथेच राहिला.

शुद्धमराठी
आधी ‘लेंट’ काढा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून चाळीस दिवस. लॅटिन नावही चाळिसावरूनच आहे. आपणही ‘चाळिसा’ म्हणावं.

वसईची पोर
चाळिसा म्हटलं की लोक हनुमानाकडे जातील. शिवाय इंग्रजी लेंट मुळात वसंतऋतूचा शब्द, आणि आपल्याकडेही हा काळ फाल्गुन-चैत्राच्या आसपासच येतो. राहू दे की. माझी आजी आयुष्यभर लेंटच म्हणाली, तिची भक्ती काही उणी पडली नाही.

जुनंनाशिक
राखेवरून आठवलं, धुळवडीला आम्ही होळीची राख कपाळाला लावतो. तुमची राख कशाची?

वसईची पोर
आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, झावळ्या जाळून केलेली. जयजयकाराला हातात धरलेल्या झावळ्यांचीच राख कपाळावर येते, आणि ‘तू माती आहेस’ हे ऐकावं लागतं.

गोदाकाठ
सुंदर. पण ‘भंगलेलं’बद्दल कुणीच बोललं नाही. भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही, गोदावरीत सोडतो. वाचणाऱ्याच्या मनात तेच आलं, तर भंगलेलं जग टाकून द्यायचं, असा अर्थ निघेल. मला नेमकं उलट म्हणायचंय. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात देव विचारतो तो उपास अन्यायाच्या बेड्या तोडण्याचा आहे, भुकेल्याला आपल्यातली भाकर देण्याचा आहे. मोडलेल्याकडे पाठ फिरवली तर तो उपास कसला?

शरणपूरकर
मग ‘मोडलेलं’ लिहा. मोडलेला हात सांधतात, मोडलेला संसार पुन्हा उभा करतात. आणि पश्चात्तापाला ‘शरण येणं’. त्यात चालून येणं आहे.

शुद्धमराठी
शरण म्हणजे हार मानणं. फार लाचार शब्द.

शरणपूरकर
मुळीच नाही. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, घरसुद्धा. आमच्या शरणपूरच्या नावात तोच अर्थ आहे. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे मिशनच्या आश्रयाला राहून शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शवासोबत थेट इंग्लंडला गेला, १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला त्याचाही हात होता. ही मुलं शरण आली ती हरून नव्हे.

जुनंनाशिक
हे माहीतच नव्हतं! शरणपूर रोडवरून रोज जातो. त्या मुलांपैकी कुणी इथे स्थायिक झालं का?

शुद्धमराठी
आसरा हा अर्थ संस्कृतातला. आजच्या मराठीत पोलिसांना शरण जातात. आज वाचणाऱ्याला तेच दिसणार.

वसईची पोर
म्हणजे आता तुम्हीच वापर बघा म्हणताय!

गोदाकाठ
चिंतन रविवारी वाचायचंय. तूर्त ‘मोडलेल्या जगात माघारी फिरताना’ लिहिलंय. ‘फिरताना’ की ‘वळताना’, तेवढं सांगा.