स्तोत्र 'म्हणायचे' की 'आळवायचे'?

कसबेकर: बायबलमधले रोज एक स्तोत्र घेऊन त्याच शब्दांत प्रार्थना कशी करावी, यावर आमच्या मंडळीसाठी पुस्तिका लिहितोय. क्रियापदाशी अडलोय. 'वाचणे' कोरडे वाटते, 'पठण' परीक्षेचे. मी 'स्तोत्र आळवणे' लिहिले, तर पाळकसाहेबांनी खोडले. म्हणाले, आळवतात तो राग. माझी आजी मात्र कंदील बारीक करून, डोक्यावर पदर घेऊन 51वे स्तोत्र 'आळवायला' बसायची. तिचा शब्द चुकीचा कसा?

वानवडीची: शब्द बरोबर, कर्म चुकले. आळवतात देवाला, स्तोत्राला नव्हे. बाकी मूळ 'आलाप'च असणार, म्हणून रागही आळवतात.

रास्तापेठी: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू. घरात 'तेहिल्लीम (हिब्रूत स्तोत्रे) वाचणे' म्हणतात, पण ते वाचणे ओठ हलवत असते. पहिल्या स्तोत्रात मराठीत 'मनन' आहे ना, तिथले हिब्रू क्रियापद यशयाच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला लावलंय, पारव्याच्या घुमण्यालाही. मनन मुके असते. मला 'घुमवणे' जवळचे वाटते.

साधीमराठी: घुमवणे, आळवणे, सगळे भजनातले. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले ते कमी शिकलेल्या बायकांना कळावे म्हणून. 'म्हणणे' पुरे.

कसबेकर: मग ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग का लिहिले? भक्तीची भाषा कुणा एकाची नाही.

वानवडीची: 109व्याचे काय करणार? त्यात शत्रूला शाप आहेत. शाप आळवतात का?

कॅम्पातला: आई रुग्णालयात होती तेव्हा मी रात्री जिन्यात बसून 88वे म्हणायचो. ते अंधारावरच संपते, शेवटी दिलासा नाही. माझ्याकडे तेव्हा स्वतःचे शब्द नव्हते. महिनाभराने लक्षात आले की मी देवाशी भांडतोय, म्हणजे बोलणे तुटलेले नाही. त्याला आळवणे म्हणवत नाही. धरून बसलो होतो, एवढेच.

रास्तापेठी: 'धरून बसणे' फार आवडले. त्याच 88व्यात दोनदा 'सेला' हा हिब्रू शब्द येतो. तुम्ही तो मोठ्याने वाचता?

साधीमराठी: नाही, तिथे थांबतो. विराम असावा तो.

वानवडीची: आमच्याकडे वाचायचे. शब्द छापलाय तर गाळायचा कशाला?

कॅम्पातला: मी तिथे श्वास घ्यायचो.