मदत हवी आहे: डिव्हिनिटी स्कूलसाठी एमटीएस की एमडिव?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण नागपूर विद्यापीठात पालीत एमए करतेय. तिला हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूलला, म्हणजे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या धर्म-अभ्यासाच्या शाखेला, अर्ज करायचाय. तिथे कुठल्याही धर्माचे विद्यार्थी घेतात, पण आईबाबांना अजून ते पाद्री होण्याचंच शिक्षण वाटतं.

तिथल्या दोन पदव्युत्तर पदव्यांपैकी एमटीएस (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) दोन वर्षांचं, अभ्यासाकडे झुकलेलं. एमडिव (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) तीन वर्षांचं, त्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घ्यावा लागतो. तिचा जीव एमडिववर आहे. परत येऊन नागपूरच्या मेडिकल रुग्णालयातल्या रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना धीर द्यायचं काम तिला करायचंय, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

बौद्ध घरातल्या कुणी तिथे एमडिव केलंय का? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत हा अभ्यासक्रम बसतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.