लीड (टीमचा प्रमुख माणूस) सोडून गेला की फॅन-मेड गेमचं नेमकं काय अडतं?

धागाकर्ता
'फॉलआउट: लंडन' हा 'फॉलआउट ४'वर स्वयंसेवकांनी रचलेला मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये चाहत्यांनी घातलेली भर; आवाक्याने जवळजवळ स्वतंत्र गेमच. २०२१ मध्ये त्याची मुख्य लेखिका मूळ गेमच्या कंपनीत, म्हणजे बेथेस्डात, नोकरीला गेली. त्या सुमारास तांत्रिक सल्लागारही तिकडेच गेला. तरी २५ जुलै २०२४ला मॉड लोकांच्या हाती पडला. म्हणून मला वाटतं की माणूस जाण्याची धास्ती आपण फाजील घेतो. खरा घोटाळा मूळ फाइलींचा असतो. गेममध्ये दिसणारा टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवलेलं चित्र, डीडीएस फाइल असतो, दाबून बारीक केलेली. त्याची थरांची फाइल बनवणाऱ्याकडेच राहिली, तर नुसता गंजाचा डाग हलवायचा म्हटलं तरी अख्खं चित्र नव्याने रंगवावं लागतं. निफ (गेममधलं त्रिमितीय मॉडेल) यामागची ब्लेंडर फाइल आणि पेक्स (गेम चालवतो ती स्क्रिप्ट) यामागची माणसाला वाचता येणारी पीएससी फाइल यांचंही तसंच. स्क्रिप्ट उलटी उलगडता येते, पण लिहिणाऱ्याच्या टिपा त्यात उरत नाहीत. नियम एकच हवा: मूळ फाइल सामायिक साठ्यात आल्याशिवाय काम बिल्डमध्ये, म्हणजे सगळं जोडून बनवलेल्या आवृत्तीत, घ्यायचं नाही.

क्वेस्टवाला
साफ असहमत. फाइली सगळ्या हाताशी असल्या तरी क्वेस्टचा, म्हणजे खेळाडूला दिलेल्या कामगिरीचा, हेतू त्यात सापडत नाही. एका क्वेस्टला १०, २०, ३० असे टप्पे असतात आणि मध्येच कुठेतरी ४५ दिसतो. तो कुणी, कुठल्या संवादातून लावायचा होता? दुसऱ्या क्वेस्टमधली एखादी अट त्याच ४५वर टांगलेली असते. लेखक असेपर्यंत हे दोन मिनिटांत विचारून होतं. तो गेल्यावर टप्पा काढायची हिंमत कुणी करत नाही, आणि ठेवला तर खेळाडू तिथे अडकतो.

आणि लेखक कधी गेला यावरही सगळं ठरतं. रेकॉर्डिंगच्या आधी गेला तर संहिता बदलता येते. नंतर गेला तर नवा लेखक रेकॉर्ड झालेल्या वाक्यांच्या चौकटीत बंद. प्रत्येक संवादाच्या ध्वनिफाइलचं नाव त्या ओळीच्या फॉर्म-आयडीवर (गेममधल्या नोंदीच्या क्रमांकावर) बेतलेलं असतं आणि ती प्लगइनच्या, म्हणजे मॉडच्या मुख्य फाइलीच्या, नावाच्या फोल्डरमध्ये बसते. नव्या माणसाने जुनी ओळ पुसून तीच नव्याने टाकली की आयडी बदलतो, जुना आवाज पोरका होतो आणि ती ओळ खेळताना झरकन निघून जाते. म्हणून ओळ दुरुस्त करायची, पुसायची नाही. प्लगइनचं नाव बदललं तर सगळीच पात्रं एका फटक्यात मुकी. ही तंबी कुठल्या फाइलीत लिहिलेली असते?

धागाकर्ता
लिहिता येते. क्वेस्टमागे एक पान पुरतं: प्रत्येक टप्पा कोण लावतो, त्यानंतर काय बंद होतं, बाहेरची कोणती क्वेस्ट त्याकडे बघते. पण टप्पा बनवला त्याच दिवशी लिहायला हवं. निरोपाच्या आठवड्यात लिहिलेली पानं अर्धी कच्ची निघतात.

लेव्हल-डिझाइनर
तुम्ही दोघंही लेखकात गुंतलात. सगळ्यात महागात जातो शेवटचा बिल्ड बांधणारा! 'फॉलआउट ४'मध्ये सेलमधले (गेमच्या जगाच्या एका चौकोनातले किंवा खोलीतले) स्थिर तुकडे एकत्र सांधलेले असतात, त्याला प्रीकम्बाइन म्हणतात. काय दिसतंय, काय झाकलंय याची गणना म्हणजे प्रीव्हिज. नवख्याने सांधलेली एक भिंत हलवली की त्या सेलची सांधणी तुटते आणि फ्रेम-रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कोसळतो. उपाय ठरलेला आहे: आधी सगळ्यांचे प्लगइन एकत्र करायचे, मग प्रीकम्बाइन, मग प्रीव्हिज, शेवटी पॅकिंग. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अनेक टीममध्ये हे एकालाच येतं. दर महिन्याला वेगळ्या माणसाने पूर्ण बिल्ड बांधायचा, आणि ज्याला नेहमी जमतं त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. कुठे अडलं ते तिथल्या तिथे कळतं.

मॉडेलर
बिल्डचं पटलं. पण माणूस गेल्याबरोबर 'लेखक हवा' अशी जाहिरात टाकण्याला माझा विरोध आहे. नव्याला शिकवायला उरलेल्या चांगल्या माणसाचेच तास जातात, आणि स्वयंसेवकाकडे ते आठवड्याला मोजकेच असतात. त्यापेक्षा आवाका कापा. 'ब्लॅक मेसा' हा 'हाफ-लाइफ' गेमचा फॅन-रीमेक; त्याच्या टीमने १४ सप्टेंबर २०१२ला झेन या परक्या जगाचा शेवटचा भाग न घेताच मॉड दिला. तो भाग पूर्ण होऊन १.० आवृत्ती मार्च २०२०ला आली. झेनसाठी अडून बसले असते, तर २०१२ला लोकांच्या हाती काहीच आलं नसतं.

क्वेस्टवाला
झेन गेमच्या शेवटाला होतं म्हणून कापता आलं. खुल्या जगातली अर्धवट क्वेस्ट मधोमध रुतलेली असते. क्रिएशन किटमध्ये (मॉड बनवायच्या बेथेस्डाच्या साधनात) 'यूज इन्फो' उघडा, तिच्याकडे कोण कोण बोट दाखवतं ते दिसेल. यादी दोन-चार नोंदींची असेल तर पात्र डिसेबल करा, दार कुलूपबंद करा. नोंदी पुसू नका. पुसलेला नॅव्हमेश (पात्रांना चालायच्या जागा दाखवणारं जाळं) तर हमखास क्रॅश. यादी पानभर लांबली, तर कापण्यापेक्षा लिहून पूर्ण करणंच स्वस्त पडतं, आणि मग नवा माणूस लागतोच.

मॉडेलर
मग त्याला आधी एक छोटा इंटिरिअर सेल द्या: एक खोली, एक पात्र, पाच संवाद, नॅव्हमेशसकट. त्यात टिकला तरच मुख्य क्वेस्टला हात लावू द्या.

आणि कराराचं कुणीच बोललं नाही. प्रवेश देतानाच दोन ओळी लेखी हव्यात: सोडून गेलात तरी दिलेलं काम वापरायची परवानगी कायम राहील, आणि श्रेयनामावलीतलं नावही. हे नसेल तर रुसून गेलेला एक जण शंभर मॉडेलं परत मागू शकतो.

लेव्हल-डिझाइनर
'एएम२आर' आठवा. मेट्रॉइडच्या दुसऱ्या भागाचा हा फॅन-रीमेक ऑगस्ट २०१६मध्ये आला आणि लगेच निन्टेन्डोच्या नोटिशीमुळे डाउनलोड उतरवले गेले. मूळ निर्माता थांबला आणि पुढे व्यावसायिक स्टुडिओत लेव्हल डिझाइनर झाला. इतरांनी वितरित झालेल्या गेममधून प्रोजेक्ट पुन्हा उभा केला आणि १.२पासूनच्या आवृत्त्या काढल्या. म्हणजे फाइलींविनाही पुढे जाता येतं, पण गेम पूर्ण झालेला होता म्हणून. अर्ध्यावर असता तर उलगडायला होतंच काय?

धागाकर्ता
हा मुद्दा मान्य. माझा नियम बदलतो: मूळ फाइल तर हवीच, शिवाय दर महिन्याला खेळता येईल असा बिल्ड साठ्यात, आणि तो दुसऱ्याच कुणीतरी बांधलेला.