बायपासनंतर बाबा घरातच बसून असतात, नागपुरात काय करता येईल?

त्रिमूर्तीनगरकर:
बाबा 66 वर्षांचे. दिवाळीनंतर बायपास झाली. रिपोर्ट चांगले आहेत, जखम भरली. डॉक्टर म्हणतात, फिरवा, माणसांत मिसळू द्या. पण हे टीव्हीसमोरून हलत नाहीत. अंबाझरीला नेलं तर बाकावर टेकतात अन् लगेच "चल आता". आयटीआयमध्ये आयुष्यभर इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला, दिवसभर पोरांचा गलका असायचा. आता फोन वाजला तरी आईकडे देतात. योगा, हास्यक्लब सगळं सुचवून झालं.

संत्रागोळी:
हास्यक्लबचं नावच काढू नका बाप्पा! आमचे सासरे दुसऱ्याच दिवशी पळून आले. सेमिनरी हिल्सला न्या, झाडी आहे. पण सकाळी लवकर, ऊन चढलं की काही खरं नाही.

निवृत्त सिस्टर:
हृदयरोगाच्या वॉर्डात नोकरी केली, म्हणून लिहिते.

झाडांचा गुण येतो, हे खरं. रॉजर उलरिच या संशोधकांनी 1984 मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. आमच्याकडे खिडकीजवळच्या खाटेसाठी पेशंट भांडायचे, त्यामुळे मला याचं नवल नाही. पण खाटेवरच्या माणसाला खिडकी पुरते. चालत्याफिरत्या माणसाला बाकावर बसवून झाडं दाखवली तर तो कंटाळणारच.

तुमच्या बाबांकडे कोणीतरी काम घेऊन यायला पाहिजे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, तेव्हा कुष्ठरोग्यांवर उपचार तर केलेच, पण हातात कुदळही दिली. त्याच लोकांनी विहिरी खणल्या, शेती केली. ज्यांना आपल्याच माणसांनी घराबाहेर काढलं होतं, ते स्वतःचं पिकवून खायला लागले. दयेनं माणूस उभा राहत नाही हो, वॉर्डात मी हेच पाहिलं.

आता मार्च लागलाय. कॉलनीत घरोघरी कूलर निघून राहिले असतील. कोणाचा पंप जाम, कोणाच्या मोटरचा कंडेन्सर गेलेला, ताट्या कुजलेल्या. मेकॅनिक या दिवसांत फोन उचलत नाही. शेजाऱ्याला सांगून ठेवा: पंप घेऊन या अन् म्हणा, "सर, जरा बघता का?" 'सर' म्हणायला विसरायचं नाही. बाबांनी बसल्या जागी मल्टिमीटर लावायचा. कूलर उचलायचा मात्र दुसऱ्यानं. छातीचं हाड जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, ते आता जुळलं असेल, तरी जड वजनाचं सर्जनला विचारूनच. कॉलनीत आयटीआय करणारा एखादा पोरगा असेल तर त्याला शेजारी बसवा, म्हणजे शिकवणंही आलं.

धरमपेठी:
कूलर ठीक आहे, पण बायपासनंतर बऱ्याच जणांना खरोखरचं नैराश्य येतं. जेवण-झोप गेली असेल, "आता जगून काय करायचं" असं बोलत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. अन् हृदयाच्या गोळ्या चुकवू देऊ नका.

निवृत्त सिस्टर:
धरमपेठींना अनुमोदन. कामानं गोळीची जागा भरत नाही.

त्रिमूर्तीनगरकर:
झोप ठीक आहे, तसं काही बोलत नाहीत. जेवण कमी झालंय, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घालतो. वरच्या मजल्यावरच्या काकू आज पंप घेऊन आल्या. बाबांनी फिरवून पाहिला, म्हणाले, "जळालाय, फेकून द्या." मग पेचकस जागेवर का नाही म्हणून आईवर ओरडले. याला काय समजायचं?

निवृत्त सिस्टर:
ओरडले ना? छान. पुढचा पंप बिघडलेला आणा, पण दुरुस्त होण्यासारखा. अन् आईला सांगा, पेचकस टीव्हीजवळच ठेवा.