आमवातात सूज आटोक्यात, तरी हाडं का झिजतात?

जिज्ञासू: ऱ्हुमॅटॉइड आमवातात सांध्यालगतचं हाड कुरतडलं जातं, ते सुजेमुळे. पण सूज उतरल्यावरही डेक्सात (हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) मणक्याची घनता घटलेली दिसते. टी-पेशींच्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, म्हातारपणाचा इथे काय संबंध?

मज्जारस: वारंवार विभाजन झालेल्या टी-पेशींची टेलोमिअर (गुणसूत्रांची टोकं) आखूड होतात, पेशी सक्रिय व्हायला मदत करणारा पृष्ठभागावरचा सीडी२८ रेणू जातो. गंमत म्हणजे या थकलेल्या पेशी सहजी मरत नाहीत. दाहकारक सायटोकाइन (पेशींमधले संदेशवाहक रेणू) सोडत राहतात आणि रँकल नावाचं प्रथिन व्यक्त करतात. हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी पक्व होतात त्या याच रँकलमुळे. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरं प्रथिन त्याला अडवतं, पण तो तोल बिघडला की झीज शरीरभर होते. सांधा वरून शांत दिसला म्हणून हे थांबत नाही.

घनतामापक: सगळं पेशींच्या माथी मारू नका, आधी हाडं झिजवणाऱ्या स्टेरॉइडचा डोस मोजा. प्रेडनिसोलोन रोज २.५ मिग्रॅ किंवा जास्त, तीन महिन्यांहून अधिक चाललं तर फ्रॅक्चरचा धोका तपासायलाच हवा. डोस ७.५ मिग्रॅच्या वर असेल तर फ्रॅक्स (फ्रॅक्चरचा धोका मोजणारं गणनासाधन) धोका प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं. मणका दबलेला असला की डेक्साचा आकडा फसवा चांगला येतो. खुब्याचा आकडाही बघा.

जिज्ञासू: मग थेट रँकलच रोखला तर?

मज्जारस: डेनोसुमॅब हे औषध तेच करतं: ६० मिग्रॅ, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. हाडाची झीज मंदावते, सांध्याचा दाह मात्र तसाच राहतो. म्हणून मेथोट्रेक्सेट वगैरे दाह आवरणारी औषधं सोडता येत नाहीत. पुढचं इंजेक्शन लांबवलं तर झीज उसळून येते, एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. बंद करायचंच असेल तर मागोमाग बिस्फॉस्फोनेट (हाडांची झीज रोखणारं दुसरं औषध) लागतं. रक्तातलं कॅल्शियम कमी असताना डेनोसुमॅब सुरू करू नये.